करंजगडची सातमजली

करंजगडला स्टेशनातून बाहेर पडले की उजव्या हाताला जी काळी-करडी उंच इमारत दिसते, तिला गावात सातमजली म्हणतात. परगावचा माणूस खाली उभा राहून तिचे मजले मोजतो. सहा भरतात. तो पुन्हा मोजतो, पोटमाळा धरून बघतो, गच्चीवरची पाण्याची टाकी धरून बघतो. तरी सहाच. मग तो बरोबरच्या माणसाकडे पाहतो. तो माणूस करंजगडचा असला तर पाहुण्याला आत घेऊन जातो.

इमारत पाहण्यासारखी आहे. खालचे दोन मजले घडीव काळ्या दगडाचे, वरचे विटांचे, सिमेंटचा गिलावा केलेले. प्रत्येक मजला खालच्याहून थोडा आत घेतलेला, त्यामुळे लांबून ती देवळापुढच्या दीपमाळेसारखी दिसते. कोपरे गोल, खिडक्यांवर आडव्या पट्ट्या, जिन्यात उजेड यावा म्हणून बोटीला असतात तसे वाटोळे झरोके. दारावर उगवत्या सूर्याचे किरण आणि त्यांच्या मधोमध पंख मिटून बसलेला भारद्वाज. ती भारद्वाज फिल्म कंपनीची खूण. जिन्याच्या लोखंडी कठड्यात फिल्मच्या रिळांची चक्रे घडवली आहेत. इतक्या वर्षांच्या हातांनी ती गुळगुळीत झाली आहेत. आज आत विम्याचे एजंट बसतात, शिकवण्या चालतात, तिसऱ्यावर दातांचा दवाखाना आहे.

गच्चीवर मात्र कुणी काही थाटलेले नाही. तिथे आठ दगडी खांब आहेत, गुडघ्याएवढेच. ते तसे बांधलेले नाहीत, फोडलेले आहेत. प्रत्येकाचा तुटका काठ वेगळा. बरोबरचा माणूस पाहुण्याला त्यातल्या एकावर बसवतो आणि पूर्वेकडे बोट करतो. ओढ्यापलीकडच्या टेकाडावर राजवाडा, आणि त्याचा लाकडी सज्जा नजरेच्या नेमका समोर. वरही नाही, खालीही नाही.

मग तो सांगू लागतो.

ही गोष्ट संस्थान होते तेव्हाची. कागदोपत्री तिला फारसा आधार सापडत नाही, आणि सांगणाऱ्यांचे आपसांत जुळत नाही हेही खरे. पण खांब आहेत, आणि ते कुणीतरी फोडले आहेत.

त्या काळी दसऱ्याला राजवाड्याच्या चौकात गाणे होत असे. दरबारी मंडळी वर सज्जात, गाणारीण खाली फरसबंदीवर. रिवाज असा होता की गाणारणीने नजर सज्जाकडे चढणाऱ्या जिन्याच्या पहिल्या पायरीच्या वर न्यायची नाही. दरबारची गायिका गोदूबाई रायबागकर हा रिवाज पाळत आली होती. शेजारी तिची मुलगी अंबू तंबोरा धरून बसायची. एका वर्षी तार सप्तकात चढताना गोदूबाईची मान वर झाली आणि डोळे सज्जाला भिडले. गळा वर जातो तेव्हा मानही जाते. त्यात तिचा काही विचार नव्हता. वरून निरोप आला, हिला भिंतीकडे तोंड करून बसवा. गोदूबाई उठली, फिरली, आणि राहिलेली चीज तिने पश्चिमेच्या भिंतीला ऐकवली. पुढच्या दसऱ्याला तिची बैठक भिंतीकडे तोंड करूनच घातलेली होती. त्याच्या पुढच्यालाही.

अंबूने विचारले तेव्हा ती म्हणाली, असे सांगतात, "भिंत बरी गं. दाद देत न्हाई, पण वर का बघितलंस म्हणून विचारत पण न्हाई."

अंबूला ते हसण्यावारी नेता आले नाही. तिने त्या वयात नवस केला. देवापुढे केला की नुसता मनाशी, यावर मतभेद आहेत. नवस एवढाच होता: त्या सज्जाकडे एकदा वरून बघीन.

चौकात बसणाऱ्या मुलीने सज्जाकडे वरून बघायचे म्हणजे पक्षी व्हायला हवे. पण तेव्हा करंजगडात एक माणूस उद्योगाला लागला होता. तवनाप्पा शिरगुप्पे त्याचे नाव. लग्नांना, उरुसांना, तमाशांना गॅसबत्त्या भाड्याने द्यायचा त्याचा धंदा. बत्त्यांवरून तो तंबूतल्या सिनेमावर आला आणि तंबूतल्या सिनेमावरून भारद्वाज कंपनी थाटून स्वतःचे चित्रपट काढण्यावर. पडदा बोलू लागला तेव्हा त्याला गळा हवा होता, आणि अंबूचा गळा गावाला ठाऊक होता. दोन-तीन चित्रपटांत तिचे नाव असे झाले की तिच्या गाण्याच्या तबकड्या खेडोपाडी वाजू लागल्या आणि मुंबईच्या कंपन्यांचे लोक मोटारी घेऊन तिच्या दारात उभे राहू लागले.

तवनाप्पा घाबरला. त्याने विचारले, "बाई, इथं ऱ्हायचं काय घ्याल?"

"कंपनीचं हापिस बांधणार हाय न्हवं तुम्ही?"

"बांधतोय. दुमजली."

"सातमजली बांधा."

तवनाप्पाला वाटले थट्टा करते. "बाई, आपली फिल्म तंबूत बनते. सात मजल्यांवर काय म्हशी बांधू?"

"सातव्यावर मला एक खिडकी पायजे. राजवाड्याच्या अंगाला."

गोदूबाई भिंतीला गाते हे अख्ख्या गावाला माहीत होते, तसे त्यालाही होते. मुंबईहून त्याने एक तरुण आर्किटेक्ट आणला. नकाशे पसरले तेव्हा तवनाप्पाला इंग्रजी मासिकांतली चित्रे काही कळली नाहीत, तो एवढेच म्हणाला, "दीपमाळंसारखं करा, सायेब. खाली रुंद, वर निमुळतं. न्हाई तर गाव म्हणंल तवनाप्पानं पेटी उभी केली."

इमारत चढू लागली. आसपासच्या गावांतले लोक भाकरी बांधून ती बघायला यायचे. पण तिचा एकेक मजला सगळ्यात आधी कुणी पाहिला असेल तर तो गोदूबाईने. दसऱ्याला भिंतीकडे तोंड करून ती बसली तेव्हा भिंतीच्या माथ्यावर बांबूची परांची दिसत होती. पुढच्या दसऱ्याला तिथे वाटोळ्या झरोक्यांची रांग आली होती. ज्या भिंतीकडे तिला शिक्षा म्हणून वळवले होते, तिच्याच मागून इमारत चढत होती.

सहावा मजला सज्जाच्या बरोबरीला आला. सातव्याचे आठ खांब उभे राहिले, आणि संस्थानच्या दिवाणांनी तवनाप्पाला बोलावून घेतले.

"सहा झाले, तवनाप्पा. पोट भरलं नाही?"

"सातवा ठरलाय, साहेब."

"सातव्यावरून राणीवशात नजर जाते."

"राणीवसा मागल्या अंगाला हाय, साहेब. तिथनं नुस्ता पुढचा सज्जा दिसतोय."

"म्हणजे तुम्ही बघून ठेवलंय," दिवाण म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला की सातव्याचे खांब उतरवावेत. ते काम गावच्या गवंड्यांना सांगितले. भैरू गवंडी कारभाऱ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "हात दुखतोय, साहेब."

"कुठला?"

"दोन्ही."

त्या दिवशी करंजगडातल्या एकूण एक गवंड्याचे हात दुखत होते. अखेर दरबारचे शिपाई हातोडे घेऊन वर गेले. त्यांना दगडाचे काम येत नव्हते, म्हणून खांब असे वेडेवाकडे फुटले आहेत. सांगणारा इथे थांबून पाहुण्याला तुटक्या काठावरून हात फिरवायला लावतो.

अंबू त्या रात्री जेवली नाही. पण कंपनीत लाडसाहेब मुल्लाणी नावाचा रंगारी होता. चित्रपटांतले किल्ले, महाल, देवळे सगळे त्याच्या हातचे. बांबू, गोणपाट, कागदाचा लगदा आणि खडू एवढ्यावर तो दगडाचा भास उभा करायचा. तो म्हणाला, "खांब फोडलं तर फोडू द्या, बाई. आपल्यात कुठला खांब कधी खरा असतोय?" आठवड्याभरात गच्चीवर सातवा मजला उभा राहिला. खालून पाहणाऱ्याला फरक कळेना. गाव खूष झाले. अंबू धावत वर गेली आणि खिडकीशी चढायला तिने पाय ठेवला, तो बांबू करकरला.

लाडसाहेबाने तिचा हात धरून तिला मागे घेतले. "बाई, ह्यो मजला बघायचा हाय. उभं ऱ्हायचा न्हाई."

तोही शिपायांनी फाडला. आणि या वेळी दिवाणांनी दवंडी पिटवली. भर बाजारात हलगी वाजवून दवंडीवाला ओरडला की दगड, वीट, चुना, लाकूड, बांबू, कापड, कागद, हाताला लागेल अशी कुठलीही वस्तू भारद्वाज कंपनीच्या सहाव्या मजल्याच्या वर कुणी चढवू नये.

गर्दीतून कुणीतरी विचारले, "आन कावळा बसला तर?"

"कावळ्याला हुकूम न्हाई," दवंडीवाला म्हणाला.

"का? हाताला लागत न्हाई म्हणून?"

लोक हसले. तवनाप्पाही त्या गर्दीत होता, पण तो हसला नाही. सगळी हयात ज्याने बत्त्या भाड्याने दिल्या, त्याला हाताला न लागणारी एक वस्तू माहीत होती.

दसरा जवळ आला तसा दिवाणांचा दुसरा निरोप आला, तो अंबूच्या घरी. दुसऱ्या संस्थानांतून पाहुणे येणार होते आणि त्यांना तबकडीवरचा गळा समोर बसून ऐकायचा होता. अंबूने चौकात गावे. रिवाज तोच, नजर पहिल्या पायरीच्या वर जाता कामा नये. ती नीट गायली तर गोदूबाईची बैठक भिंतीकडून वळवली जाईल. नाही म्हणाली तर म्हातारी दरवर्षीसारखी भिंतीला गाईल. गोदूबाईला तेव्हा खोकल्याने घेरले होते. गाताना तिचा श्वास मध्येच तुटायचा आणि ती तो भिंतीच्या आड लपवायची.

अंबूने होकार कळवला.

गावाला ते रुचले नाही. बाजारात भाजीवाली भागीरथी तिला सगळ्यांदेखत म्हणाली, "शेवटाला खालीच बसायचं हुतं, तर एवढं धोंडं कशाला वर चढवलंस गं?" अंबूने तिच्याकडून मेथीची जुडी घेतली आणि ती निघून गेली. तिला उत्तर देता आले असते. पण जे करायचे होते ते फसले, तर भागीरथीचेच खरे ठरणार होते, आणि ते फसण्याची भीती तिला भाजीवालीपेक्षा जास्त होती.

करायचे होते ते असे. स्टुडिओच्या तंबूत लाडसाहेबाने तिला उंच मचाणावर उभे केले. कॅमेरा खाली, जमिनीलगत. कॅमेऱ्याशेजारी एक रिकामी खुर्ची ठेवली.

"कॅमेऱ्यात बघू नका, बाई. खुर्चीत बघा."

"खुर्ची रिकामी हाय."

"बसवा की कुणालातरी."

अंबूने पानाचा डबा मागवला. सज्जात दरबारी मंडळींपुढे असतो तसा, पितळी. तो खुर्चीत ठेवल्यावर तिची नजर जिथे जायला हवी होती तिथे गेली, असे म्हणतात. तिने पापणी न हलवता खाली पाहिले आणि ते फिल्मवर उतरले. मग तंबूची दारे लावून लोखंडी घमेल्यांत राळ पेटवली आणि धुरावर प्रोजेक्टरने फिल्म सोडून पाहिली. धुरात अंबूचा चेहरा आला, पण उलटा. घाईत मशीनवाल्याने फिल्म उलटी लावली होती.

लाडसाहेब म्हणाला, "आसंच ठेवूया काय? सज्जाला शीर्षासन करायला लागंल."

त्या दिवसांत अंबू हसली ती तेवढीच. तिला वाऱ्याची धास्ती होती. गच्चीवर वारा सुटला तर धूर पांगणार, आणि सहा मजले उंचीवर वारा नसतो असा दिवस क्वचितच.

दसऱ्याला दिवेलागणीच्या वेळी चौक भरला. सज्जात दरबारी मंडळी आणि पाहुणे बसले. अंबू सज्जाकडे तोंड करून बसली. तिच्या पाठीमागे, पाठीला पाठ लागेल इतक्या जवळ, गोदूबाई भिंतीकडे तोंड करून. बैठक वळायची ती गाणे झाल्यावर. भिंतीच्या वर इमारतीचा सहावा मजला अंधारत चालला होता. अंबूला तो दिसणे शक्यच नव्हते. जे घडायचे ते तिच्या पाठीमागे घडणार होते आणि तिची नजर पहिल्या पायरीवर खिळलेली असायला हवी होती.

ती गाऊ लागली. तिने तीच चीज घेतली जी तिच्या आईने त्या वर्षी अर्धी चौकात आणि अर्धी भिंतीपुढे गायली होती. दिवाणांना ते ओळखू आले की नाही, सांगता येत नाही. अंबू पहिल्या पायरीकडे पाहत गात राहिली. पायरी तशीच काळी. तिला वाटले वारा सुटला असेल. तिला वाटले मशीन बंद पडले असेल, शिपाई आधीच वर गेले असतील, आणि आपण नुसतेच खाली बसून गातो आहोत. तार सप्तक जवळ आले तेव्हा मागून आईचा खोकला ऐकू आला आणि मग तो थांबला. खोकला असा मध्ये थांबत नसे.

आणि पायरी उजळली.

इमारतीच्या गच्चीवर आठ फुटक्या खांबांशी शूटिंगचे आठ प्रखर आर्क दिवे सरळ आभाळाकडे तोंड करून ठेवले होते, ते एकदम लागले. प्रत्येक खुंटातून उजेडाचा खांब उठला आणि राळेच्या धुरात तो दगडासारखा भरीव दिसू लागला. म्हणे त्या संध्याकाळी करंजगडात झाडाचे पानही हलत नव्हते. आठ खांब उभे राहिले आणि त्यांच्यामध्ये, सज्जाच्या वर, एका मजल्याएवढा चेहरा आला. कुणी म्हणतात चेहरा स्पष्ट होता, कुणी म्हणतात फक्त डोळे दिसले. डोळ्यांबद्दल मात्र वाद नाही. ते खाली पाहत होते.

अंबूने वरचा स्वर लावला आणि तिची मान वर झाली. या वेळी तिने ती होऊ दिली. तिने सज्जाकडे नजर टाकली आणि तिथे तिला चेहरे दिसले नाहीत. हनुवट्या दिसल्या. सज्जातला प्रत्येक माणूस मान वर करून बसला होता. तिच्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते. सगळे तिच्याकडेच पाहत होते.

दिवाणांनी शिपाई पिटाळले. ते सहा मजले चढून गच्चीवर पोहोचले आणि हवालदाराने धुरात हात घातला, मग दुसरा घातला. तवनाप्पा दिव्याशेजारी उभा होता.

"काढा की, हवालदार," तो म्हणाला. "सातवा मजला ह्योच."

हवालदार बराच वेळ आपल्या उजळलेल्या तळव्यांकडे बघत राहिला. मग त्याने कठड्यापाशी जाऊन राजवाड्याच्या दिशेने हाक दिली. ती तिकडे ऐकू गेली की नाही कुणास ठाऊक, पण खाली रस्त्यावर जमलेल्या गावाला स्वच्छ ऐकू आली. "साहेब, हाताला लागत न्हाई."

दिवे मात्र हाताला लागतात, हे तिथे कुणाला सुचले नाही असे नाही. गावात म्हणतात, हवालदाराला सुचले होते. त्या दिवशी त्याचेही हात दुखत असावेत.

चौकात चीज संपली. अंबूने तंबोरा खाली ठेवला आणि ती मागे वळली. गोदूबाई भिंतीसमोर होती तशीच बसली होती, पण तिची मान वर होती आणि उजेड तिच्या तोंडावर पडला होता. इतकी वर्षे तिला भिंतीकडे वळवणाऱ्यांनी तिला त्या संध्याकाळची सगळ्यात चांगली जागा दिली होती.

"बघितलंस?" तिने विचारले.

"बघितलं."

"वरनं?"

"वरनं, आई."

तेव्हा गोदूबाई स्वतःच उठली. कुणी सांगायची वाट न पाहता ती भिंतीकडून वळली, लेकीचा हात धरला आणि दोघी दरवाज्यातून बाहेर गेल्या. त्यांना कुणी अडवले नाही. माना अजून वरच होत्या.

याची किंमत पडली. दरबारने स्टुडिओची जमीन काढून घेतली. कंपनीने ओढ्याकाठी तंबू ठोकून आणखी काही चित्रपट काढले आणि मग ती बंद झाली. गोदूबाई त्या हिवाळ्यात गेली. संस्थान विलीन झाले, राजवाड्यात मुलींची शाळा भरू लागली. सज्जात आता डबे ठेवायची फळी आहे.

मध्यंतरी एका बिल्डरने सातमजली विकत घ्यायचे ठरवले होते. गच्चीवरचे खुंट काढून तिथे काँक्रीटचा सातवा मजला चढवायचा, म्हणजे नावाप्रमाणे इमारत पुरी होईल, असे त्याने गावाला समजावले. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण त्याला गवंडी मिळाले नाहीत. करंजगडात सगळ्यांचे हात दुखत होते.

आजही दसऱ्याला दिवेलागणीच्या सुमारास सातमजलीच्या गच्चीवर घमेल्यांत राळ पेटते. आर्क दिवे गेले. लोक मोटारसायकलींचे दिवे, शेतातल्या बॅटऱ्या, हातातले मोबाईल, जे असेल ते आठ खुंटांवर ठेवतात, तोंड आभाळाकडे करून. शाळेच्या चौकात एखादी मुलगी गायला बसते. आधी ती भिंतीकडे तोंड करते, मग वळते, आणि मगच पहिला सूर लावते. नजर कुठे ठेवायची हे तिला कुणी सांगत नाही. वारा असला तर धूर पांगतो आणि फारसे काही दिसत नाही. तरी स्टेशनपासून राजवाड्यापर्यंत सगळे गाव रस्त्यावर उभे असते, हनुवट्या वर करून, आणि सांगणारा शेजारच्या पाहुण्याला हळूच म्हणतो, "आता मोजा."

पाहुणे मोजतात. सात भरतात.